घनचक्कर, गवळदेव, कात्राबाई: अकोल्याच्या डोंगरात तीन दिवस

महाराष्ट्रातली सगळ्यात उंच शिखरं म्हणजे कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७, हे दोन आकडे ट्रेक करणाऱ्या कुणालाही पाठ असतात. पण तिसरं कुठलं म्हटलं की बरेच जण थांबतात. तिसरं घनचक्कर, १५३२ मीटर, म्हणजे पाच हजार फुटांच्या जेमतेम वर, आणि त्याच्याच धारेवर शेजारी गवळदेव, १५२२. दोन्ही अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, दोन्हीवर किल्ला नाही की बांधलेलं मोठं देऊळ नाही, त्यामुळे तिकडे गर्दी वळतच नाही. हरिश्चंद्रगडावरून उत्तरेला बघितलं की समोर जी लांबलचक भिंत दिसते ना, तीच ही. मी पाचनईच्या बाजूने चार वेळा हरिश्चंद्र केलाय आणि चारही वेळा त्या भिंतीकडे बघून ठरवलं होतं की एकदा तिच्यावरून चालायचं. या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या वीकेंडला एक सुट्टी जोडून जमलं एकदाचं. मी, दादा, वहिनी आणि माझी कॉलेजची मैत्रीण असे चौघं होतो.

प्लॅन असा होता की पहिल्या दिवशी शिरपुंज्याचा भैरवगड, दुसऱ्या दिवशी घनचक्कर आणि गवळदेव करून धारेवरूनच पश्चिमेला कुमशेतला उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून रतनवाडी. सुरुवात एकीकडे आणि शेवट दुसरीकडे, म्हणून स्वतःची गाडी नेली नाही, आणि तेच बरं झालं, नाहीतर शेवटच्या दिवशी गाडी आणायला परत शिरपुंज्याला जावं लागलं असतं.

दिवस पहिला

पुण्याहून पहाटेची नाशिक एसटी पकडून संगमनेरला उतरलो, तिथून अकोले आणि अकोल्याहून राजूर. गाडीने येणाऱ्यांना आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा रस्ता आहे. मुंबईकरांनी कसाऱ्याला उतरून घोटीवरून यायचं, वाटेत बारी गाव लागतं जिथून कळसूबाई चढतात, मग शेंडी, मग रंधा, मग राजूर. या सगळ्या भागात जायचं तर राजूर हा नाका आहे, पुढे गावांत एटीएम वगैरे काही मिळेल असं धरून चालू नका, रोख पैसे इथेच काढून ठेवा. आणि राजूरचे पेढे घ्या, आम्ही अर्धा किलो घेतले आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच उपयोगी पडले.

राजूरहून शिरपुंज्याकडे एसटी आहे पण मोजक्याच, आमची चुकली. जीपवाल्याने आणखी माणसं भरेपर्यंत पाऊण तास थांबवलं, मग निघाली. एक महत्त्वाचं, कुणालाही नुसतं भैरवगड विचारू नका, नावासकट शिरपुंज्याचा भैरवगड म्हणा. मोरोशीचा भैरवगड वेगळा, तो माळशेजच्या खाली आणि चढाई दोर लावून करावी लागते, कोथळ्याचा वेगळा, कोयनेकडे हेळवाकचा आणखी वेगळा. नकाशात नुसतं नाव टाकून भलतीकडे पोचलेले लोक मला माहितीयेत.

शिरपुंज्यात पोचलो तर साडेबारा वाजलेले. ज्या घरी राहायची सोय झाली होती त्या घरच्या मामींनी बसल्या बसल्या भाकरी, हुलग्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. मामा गुरं घेऊन गेलेले, संध्याकाळी येणार होते. म्हटलं तोवर भैरवगड करून येऊ.

भैरवगडाची वाट अगदी मळलेली आहे, चुकायचा प्रश्नच नाही. वर गुहेत भैरोबा आहे, पंचक्रोशीचा देव, रविवारी लोक दर्शनाला चढतात, त्यामुळे वाटेची डागडुजीही होत असते. अवघड जागी लोखंडी रेलिंग लावलंय, कातळात पायऱ्या आहेत. गावातून निवांत चढलो तरी दीड तास. चढताना आधी एक खिंड लागते, तिथे डावी-उजवी नीट लक्षात ठेवा, कारण भैरवगड एका हाताला आणि घनचक्करचा चढ दुसऱ्या हाताला. वर पाण्याची टाकी आहेत, गुहेत राहताही येतं, पण देवाची जागा, शिवाय मामींनी आधीच सांगून ठेवलेलं की रातीला खालीच या, कोंबडा कापलाय. गुहेत घोड्यावर बसलेला भैरोबा आहे, समोर नारळांच्या करवंट्यांचा ढीग. आम्ही पण एक नारळ फोडला.

माथ्यावरून त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती की उत्तरेला कळसूबाई आणि तिच्या रांगेतले अलंग, मदन, कुलंग एकेक ओळखता येत होते, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा सगळा पसारा आणि मध्ये मुळेचं खोरं, त्यात आंबितचं धरण चकाकत होतं. पश्चिमेला घनचक्कर इतकं जवळ आणि इतकं रुंद की डोळ्यांत मावेना. त्याला टोक असं नाहीच, एक अजस्र पठार वर उचलून ठेवल्यासारखं.

खाली आलो तर मामा आलेले. पन्नाशीचे असतील, अंगाने काटक, बोलणं कमी. उद्याचा प्लॅन सांगितला. घनचक्कर आणि गवळदेव म्हटल्यावर मान हलवली, तिकडं गुरं घेऊन आयुष्य गेलंय म्हणाले. कुमशेतला धारेवरून उतरायचं म्हटल्यावर मात्र थोडे थांबले.

"वाट हाय. पन मानसं न्हाईत आता तिच्यावर. मी ग्येलो व्हतो चुलतभावाच्या लग्नाला, त्याला आता ईस वरसं झाली आसतील."

त्यांनी सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. आधी कुमशेतला जायला गाडीरस्ता नव्हता तेव्हा शिरपुंज्याची माणसं याच धारेवरून सोयरिकीला, बाजाराला, आजारी माणसाला बघायला जात-येत. रस्ता झाला, मोटारसायकली आल्या, आता कोण कशाला डोंगर चढून जाईल? रस्ता व्हायलाच हवा होता, बाळंतिणीला डोलीतून न्यायचे दिवस कुणाला परत नकोयत. पण त्याबरोबर वरच्या वाटा मोडल्या हेही खरं. दादाने फोनमध्ये एक ट्रॅक, म्हणजे आधी कुणीतरी चाललेल्या वाटेची जीपीएसवरची रेष, डाउनलोड करून आणला होता, तो मामांना दाखवला. त्यांनी निळ्या रेषेकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, बघू उद्या.

दिवस दुसरा

साडेपाचला हेडटॉर्च लावून निघालो, मामा वाट दाखवायला बरोबर. माणशी चार लिटर पाणी, हे कमी करू नका. पावसाळ्यानंतर वरचे ओढे दिवाळीपर्यंत वाहतात, जानेवारीत एखाद्या डबक्यात पाणी असतं पण ते गुरांनी ढवळलेलं. मामांना एक झरा माहीत होता पण तोही होळीच्या आधीच आटतो म्हणाले.

खिंडीत पोचलो तेव्हा उजाडत होतं. इथून भैरवगडाकडे पाठ करून घनचक्करच्या अंगावर चढायचं. पहिला टप्पा कारवीच्या झुडपांतून, मग वाळलेल्या गवताचा उभा उतार, त्यावर घसारा, आणि मग एका कातळटप्प्याला वळसा घालून वर. दोर लागत नाही, पण गवत वाळलं की बूट साबणावरून सरकावा तसा सरकतो, त्यामुळे काठी हवीच. दृष्टिभय फार नाही. खिंडीपासून सव्वा तासात पठारावर होतो.

वरती गेल्यावर मी पाच मिनिटं काही बोललेच नाही. मैदानच आहे वर, कमरेएवढं सोनेरी गवत आणि वारा आणि माणूस म्हणून आम्ही पाच जण. सर्वोच्च बिंदू शोधायला थोडं फिरावं लागतं कारण सगळंच सपाट, दगडांची एक रास आहे तिथे आम्ही टेकलो, पेढा खाल्ला. मामांनी दाखवलं ते असं की आपण बसलोय त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस प्रवरेला जातो, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणात, आणि दक्षिणेला पडलेला मुळेला. दोन्ही नद्या वेगवेगळ्या दिशांनी सगळा जिल्हा ओलांडतात आणि पार तिकडे नेवाशाकडे मुळा प्रवरेला मिळते. एका गवताच्या पात्याच्या इकडे पडलं काय नि तिकडे पडलं काय, थेंबांची भेट थेट तिथे. मला हे नकाशावर माहीत होतं पण तिथे बसून दोन्हीकडे बघताना अंगावर काटा आला.

पावसाळ्यात मात्र इथे येऊ नये असं माझं ठाम मत आहे. पठार सपाट, खुणा नाहीत, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि कडा कुठे सुरू होतो ते कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुलते तेव्हा सुंदर दिसतं हे मान्य, पण तेव्हाही आभाळ बघूनच चढा.

घनचक्करवरून पश्चिमेला धार उतरते, मग पुन्हा चढ, आणि समोर गवळदेव. हा घनचक्करसारखा पसरट नाही, याला चांगला आकार आहे, वरच्या टप्प्यात कातळ उघडा पडलाय. ढोरवाटा इतक्या की कुठली धरावी कळेना, पण मामा न थांबता चालत होते. शेवटचा टप्पा हाताचा आधार घेत चढायचा आहे, धरायला खोबण्या चांगल्या आहेत, फक्त सुटे दगड आधी हलवून बघा. वहिनीला उंचीची भीती वाटते, तिच्यासाठी आम्ही तीस फुटांचा दोर कमरेला बांधला, मामांनी वरून धरला, ती सहज आली. साडेअकराला माथ्यावर. नावच गुराख्यांच्या देवाचं, मामांनी चप्पल काढून हात जोडले. इथून आजोबाचा कडा, रतनगड, कात्राबाई, सगळी मंडळी पश्चिमेला अर्धवर्तुळात उभी दिसतात, माझ्या मते या सगळ्या रांगेतली बघण्याची सर्वात चांगली जागा हीच.

आता उतरायचं. आणि इथे चुकलो.

दादाच्या ट्रॅकवर धारेवरून थोडं पुढे गेल्यावर डावीकडे एका घळीत सरळ उतार दाखवत होता, खाली कुमशेतचं पठार दिसतही होतं, वाटलं तासाभरात खाली. मामा म्हणाले, वाट अजून धारेनंच पुढं जाती असं मला आठवतंय. दादा म्हणाला ट्रॅक आहे ना, कुणीतरी गेल्याशिवाय कसा बनेल. वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीपेक्षा फोन बरोबर असेल असं आम्हा तिघींनाही वाटलं हे कबूल करते. मामांनी वाद घातला नाही, आमच्या मागून आले, फक्त येताना दर थोड्या अंतरावर कारवीची वाळकी काडी मोडून वाकवून ठेवत होते, ते मला नंतर कळलं.

घळ आधी सोपी वाटली. मग कारवी दाट झाली, हातांनी बाजूला करत जायचं, तोंडात धूळ, पाठीवरची सॅक दर पावलाला अडकते, असा पाऊण तास. मग पायाखालचे दगड मोठे होत गेले आणि एका ठिकाणी घळच संपली. संपली म्हणजे खाली पन्नास-साठ फुटांचा सरळ कातळ, पावसाळ्यातल्या धबधब्याची जागा. फोनवर निळी रेष तिथूनच आरामात खाली जात होती. ट्रॅक करणाऱ्यांकडे दोर असतील किंवा रेषच खरी नसेल, कारण कड्यांच्या मधोमध अरुंद घळीत फोनला उपग्रह कमी दिसतात, सिग्नल कातळावर आपटून येतो आणि रेष पन्नास-पन्नास मीटर इकडेतिकडे सरकते. हे मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं आठवलं ते कड्याच्या टोकाशी उभं राहून.

दीड वाजलेला, पाणी माणशी सव्वा लिटर उरलेलं. मैत्रीण रडवेली झाली होती. मामांनी सगळ्यांना खाली बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाले, घाई न्हाई, दिवस पुष्कळ हाय. परत वर चढायला एक तास लागला, आणि वाकवलेल्या काड्या नसत्या तर त्या कारवीत आम्ही किती भटकलो असतो याचा विचार करवत नाही.

धारेवर परत आल्यावर मामा पुढे झाले. साधारण वीस मिनिटं पश्चिमेला गेल्यावर ते थांबले आणि जमिनीकडे बघत फिरायला लागले. मग एके ठिकाणी वाळलेलं शेण दाखवलं. "ढोर हितनं उतरतंय. ढोर उतरंल तितनं मानूस उतरंल. त्या घळीत येक तरी शेणाचा पो दिसला का?" नव्हता दिसला. पुढे हिरड्याचं एक म्हातारं झाड लागलं, ते बघून त्यांचा चेहरा खुलला, म्हणाले लग्नाला जाताना याच्याच खाली बसलो होतो. हिरडा वेचायला बाया अजूनही खालून इथपर्यंत येतात, त्यामुळे झाडापासून खाली वाट जिवंत होती, नागमोडी, अगदी सोपी, एकाही ठिकाणी हात टेकवावा लागला नाही. ज्या डोंगरातून आम्हाला पडायची वेळ आली होती त्यातून ही वाट चार वर्षांच्या पोराला घेऊन उतरता येईल अशी होती, हे बघून मला खरंच गहिवरून आलं.

पाच वाजता कुमशेतच्या पहिल्या वाडीत. मामांचा चुलतभाऊ म्हणजे ज्याचं लग्न होतं तोच, त्याच्याच घरी मुक्काम. कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्याच काड्या विणून शेणामातीने लिंपलेली, दिवसभर जिने अंग ओरबाडलं तिच्याच आडोशाला ऊब घेऊन झोपलो. जेवायला नाचणीची भाकरी आणि घरचा काळभात. हा तांदूळ या भागाची शान आहे, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या. दोन्ही चुलतभाऊ रात्री उशिरापर्यंत शेकोटीपाशी बोलत होते. वाटेबद्दलच बोलत होते, कुठून कुठे जायची, कुठे पाणी होतं, कुठल्या वळणावर कुणाची म्हैस पडली.

दिवस तिसरा

मामा सकाळी कुमशेतहून मोटारसायकलने आंबितवरून परत गेले. दिवसाचे पंधराशे ठरले होते, आम्ही तीन हजार दिले, ते घेत नव्हते, वहिनीने मामींच्या साडीसाठी म्हणून हातात कोंबले. इथे येणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीने सांगणं आहे की स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि घासाघीस करू नका. शिवाय हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, जाळ करायचा नाही, प्लास्टिक परत आणायचं.

कात्राबाईची वाट आजच्या मानाने राजरस्ता. रतनगड ते हरिश्चंद्रगड करणारे सगळे इथूनच जातात, त्यामुळे बाण आहेत, चिंध्या बांधल्यात. कुमशेतहून खिंडीत पावणेदोन तास, शेवटचा अर्धा तास चांगला दम काढतो. वर वळून बघितलं तर कालची आख्खी धार समोर होती, घनचक्करचं पठार, गवळदेवाचं डोकं, आणि त्यातली ती घळ सुद्धा, काळी रेघ मारल्यासारखी. इतक्या लांबून तिचा खालचा तुटलेला कडा स्पष्ट दिसत होता.

खिंडीपलीकडे रानात कात्राबाईचं छोटं ठाणं आहे, तिथून अग्निबाण सुळका दिसतो, सरळसोट, खरंच कुणी रोवल्यासारखा. तो चढायचा म्हणजे प्रस्तरारोहणाचं काम, दोर आणि जाणती टीम हवी, आमच्यासारख्यांनी खालूनच बघावा. पुढचा उतार घनदाट जंगलातून, भर दुपारी सावली. शेकरू दिसलं, तेही दोन. तीन तास उतरल्यावर प्रवरेचं पात्र, अजून ओढ्याएवढंच, त्यात पाय सोडून बसलो, परवा घनचक्करवर बसून मामांनी दाखवलेलं उत्तरेकडचं पाणी ते हेच, असं वहिनी म्हणाली, परवा नव्हे काल होतं ते, पण सगळ्यांनाच फार दिवस झाल्यासारखं वाटत होतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, हे देऊळ शिलाहार झंझ राजाचं मानतात, कोरीव काम बघायला तास द्यावा, आम्ही पंधरा मिनिटंच देऊ शकलो कारण शेंडीला जाणारी जीप हॉर्न वाजवत होती. इथून शेंडी, तिथून राजूर किंवा घोटी, दोन्हीकडे गाड्या मिळतात, पण चारनंतर भरवसा धरू नका.

राजूरला रेंज आल्यावर मामांना फोन लावला. पोचलो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, होळीच्या आत दोन पोरं घेऊन जातो वरती आणि हिरड्याच्या झाडापर्यंत दगडं रचून येतो, भाऊ पण येतो म्हणालाय कुमशेतहून.

एसटीत दादाने आधी आमचा ट्रॅक अपलोड केला, त्यात धारेवरून हिरड्यापर्यंतची वाट आहे. मग जुना ट्रॅक उघडला, घळीच्या तोंडाशी खूण टाकली आणि खाली मराठीत लिहिलं: इथून उतरू नका, खाली साठ फुटांचा कडा आहे, धारेने वीस मिनिटं पुढे जा, हिरड्याचं झाड शोधा.